वय ३८ आणि आवड शाळकरी पोरांच्या परदेशी सिरीजची: का आवडतात आणि कशा बघाव्यात

प्रश्न थोडक्यात सांगते. विचारणाऱ्या ताई ३८ वर्षांच्या, पुण्यात नोकरी, मुलगा बारा वर्षांचा. संध्याकाळी घरात सगळे मराठी मालिका बघतात त्यात यांचं मन लागत नाही, आणि रात्री घर झोपलं की एकट्या बसून अमेरिकन, ब्रिटिश, कोरियन टीनएज सिरीज बघतात, बघता बघता दीड वाजतो. विचारायचंय असं की या वयात हे का आवडतं, आपल्याकडे असं का बनत नाही, आणि या बघण्याला शिस्त कशी लावायची. शेवटी मुलाचंही विचारलंय, त्याच्यावर सगळ्यात शेवटी लिहिते.

मी बरीच वर्षं मराठी डेली सोपसाठी पटकथा लिहिते आणि परदेशी टीनएज शोज मन लावून बघते, त्यामुळे उत्तर लिहिणाऱ्या माणसाच्या बाजूने देतेय.

पहिलं म्हणजे घरचे म्हणतात ना की "तुला तुझे शाळेचे दिवस आठवतात म्हणून आवडतं", ते मला अजिबात पटत नाही. आपल्या शाळेत लॉकर नव्हते, प्रॉम म्हणजे शाळेची ती नाचाची पार्टी नव्हती, सोळाव्या वर्षी गाडी चालवायचं लायसन्स नव्हतं. आपल्याला होती दहावी, क्लासेस, सायकल, आणि मधल्या सुट्टीतला डबा. 'डॉसन्स क्रीक' ही अमेरिकन टीनएज सिरीज बघताना जे आठवायचं ते आपल्याकडे कधी घडलेलंच नाही, मग आठवणार काय? तरी ते पोरगं खिडकीला लावलेल्या शिडीवरून मैत्रिणीच्या वर येण्याची वाट बघतं आणि आपल्या पोटात काहीतरी होतं. याचं कारण त्या सिरीज ज्या पद्धतीने बांधलेल्या असतात त्यात आहे.

एकच सीन सांगते, कारण मला वाटतं सगळं उत्तर त्यात आहे. 'फ्रीक्स अँड गीक्स' नावाची सिरीज, एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर १९९९ ते २००० मध्ये आली, एकच सीझन, १८ एपिसोड, कथा १९८० च्या मिशिगनमधली. त्यात बिल नावाचा एक उंच, चष्मेवाला, खेळात शून्य असलेला मुलगा आहे. एक दिवस तो शाळेतून घरी येतो, आई कामावर गेलीय, घर रिकामं. तो स्वतःसाठी तव्यावर चीज सँडविच भाजतो, केकचा तुकडा घेतो, ग्लासभर दूध घेतो आणि टीव्हीसमोर बसतो. टीव्हीवर गॅरी शँडलिंग हा विनोदवीर विनोद सांगतोय आणि हा तोंडात घास असताना खदाखदा हसतोय. एवढंच. त्याला एक शब्दही संवाद नाही, वर फक्त गाणं वाजतंय. पण त्या सीनच्या आधी आपण या मुलाला पीटीच्या तासाला सगळ्यांसमोर अपमान गिळताना पाहिलेलं असतं, आणि याच एपिसोडमध्ये पुढे कळतं की तोच पीटीचा सर त्याच्या आईसोबत फिरतोय. म्हणजे दिवसभरात या पोराचं स्वतःचं असं जे काही आहे ते हे सँडविच आणि हा टीव्ही, आणि आता तिथेही तो सर येऊन बसणार.

हा सीन मी आमच्या मालिकेत लिहिला तर तो राहणार नाही हे मला माहितीय, आणि त्यात कोणाचा दुष्टपणा नाही. आमच्याकडे आठवड्याला सहा एपिसोड जातात, एका एपिसोडमध्ये जाहिराती वगळून बावीस मिनिटांच्या आसपास मजकूर, प्रत्येक ब्रेकआधी हुक, म्हणजे पुढे काय होणार अशी उत्सुकता, पाहिजे नाहीतर माणूस चॅनल बदलतो, आणि दर गुरुवारी टीआरपी येतो तेव्हा कुठला ट्रॅक चालला कुठला पडला ते समोर असतं. एकटा मुलगा सँडविच खातोय यात हुक कुठे आहे? वर्षाला तीनशेच्या वर एपिसोड लिहायचे तर मोठ्या घटना लागतात, लग्न मोडणं, अपघात, कट, वारसाहक्क, आणि मोठी घटना एकदा दिली की पुढची त्याहून मोठी द्यावी लागते. तुमचं मन लागत नाही ते यामुळे. त्यात रोज काहीतरी प्रचंड घडत असतं आणि त्यातलं काहीच आपल्या अंगाला लागत नाही.

टीनएज शोचं उलट आहे. तिथे घटना बारीक असते, पण ती त्या पोराच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत असते. पहिल्यांदा मित्राशी खोटं बोलणं, आई-बाप चुकू शकतात हे पहिल्यांदा कळणं. दुसऱ्यांदा घडतं तेव्हा माणूस थोडा निबर झालेला असतो. लिहिणाऱ्याला पहिल्या वेळेसारखी गोष्ट दुसरी मिळत नाही, कारण तिला मोठं करायला वरून म्युझिक आणि तीन वेळा झूम लागत नाही. आणि ३८ व्या वर्षी आपल्याही आयुष्यात कितीतरी गोष्टी पहिल्यांदाच घडत असतात, म्हाताऱ्या आई-वडिलांचे निर्णय घेणं, नोकरीत आपल्याहून लहान बॉस येणं. फरक एवढाच की आपण त्यावर थांबून काही वाटून घ्यायचं नाही, असं धरून चालतो. त्या सिरीज थांबतात. मला वाटतं तुम्हाला त्याचंच बरं वाटतं.

दुसरी गोष्ट वेळेची. शाळा संपते. हे इतकं साधं आहे पण सगळी सिरीज त्यावर उभी असते. चार वर्षांचं हायस्कूल, मग सगळे पांगणार, हे पहिल्या एपिसोडपासून माहीत असतं. ब्रिटनची 'स्किन्स' २००७ ते २०१३ चालली, त्यांनी तर दर दोन सीझननंतर जवळजवळ सगळी पोरं बदलली, गाजलेले चेहरे सोडून दिले कारण त्यांचं कॉलेज संपलं होतं, बस्स. देव पटेल त्यातूनच 'स्लमडॉग'मध्ये गेला. ज्या सिरीज शाळा संपल्यावरही ओढत राहतात त्यांचं काय होतं ते तुम्ही पाहिलं असेलच, मला 'डॉसन्स क्रीक'चे कॉलेजवाले सीझन पहिल्या चारच्या जवळपासही वाटत नाहीत. आणि 'द ओ.सी.' या अमेरिकन सिरीजने पहिल्याच सीझनला २७ एपिसोड केले, त्यात इतका मसाला संपवला की पुढे त्यांना धापा लागल्या. कोरियन लोक यात शहाणे, सोळा-वीस एपिसोडमध्ये गोष्ट पूर्ण करून उठतात. 'रिप्लाय १९८८' वीस एपिसोडची आहे, सोलमधल्या एका गल्लीतली पाच पोरं आणि त्यांची घरं, त्यातलं एका घरून दुसऱ्या घरी भाजीची वाटी जाणं बघा, मला नाही वाटत कुठल्याही मराठी माणसाला ते परकं वाटेल.

आता जरा कारागिरीचं, कारण याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. अमेरिकन शाळेत मुलं दर तासाला वर्ग बदलतात. त्यामुळे मधला कॉरिडॉर आणि लॉकर हे लेखकाला फुकट मिळालेलं स्टेज आहे, कोणतीही दोन पात्रं कधीही समोरासमोर आणता येतात, एक मिनिट बोलतात, घंटा होते, सीन कापला जातो, त्यासाठी काही कारण द्यावं लागत नाही. आपल्या शाळेत मुलं बाकावर बसलेली आणि शिक्षक बदलतात. मग आपल्याकडे ही जागा कुठली? क्लासच्या बाहेरचं सायकल स्टँड, शाळेचा जिना, एसटी स्टँड, अपार्टमेंटची गच्ची. या जागा आहेत, चांगल्या आहेत, पण तिथे जाऊन शूट करायला वेळ आणि परवानग्या लागतात, आणि डेलीमध्ये तेवढा वेळ नसतो, म्हणून आमचं सगळं हॉल, जिना आणि स्वयंपाकघरात घडतं.

मोठ्यांना या सिरीज आवडण्याचं आणखी एक कारण असं की चांगल्या टीनएज शोमध्ये मोठी माणसंही नीट लिहिलेली असतात. १९९४ ची अमेरिकन 'माय सो-कॉल्ड लाइफ' बघा, १९ एपिसोड झाले आणि बंद पडली. तिची नायिका क्लेअर डेन्स पायलटच्या, म्हणजे पहिल्या नमुना एपिसोडच्या, वेळी तेरा वर्षांची होती, कॅलिफोर्नियाच्या कायद्याने लहान मुलीला दिवसात ठरावीक तासच काम करता येतं, त्यामुळे लेखकांना आई-वडिलांचे आणि मित्रांचे सीन वाढवावे लागले, आणि त्यातून ते आई-वडील इतके खरे झाले की चाळिशीच्या माणसाने ती मालिका त्यांच्यासाठी बघावी. 'गिलमोर गर्ल्स'मधली लॉरेलाय सोळाव्या वर्षी आई झालेली, सिरीज सुरू होते तेव्हा ती ३२ ची आहे, म्हणजे तुमच्याहून लहान. 'नेव्हर हॅव आय एव्हर' (२०२० ते २०२३) मध्ये अमेरिकेत वाढणारी भारतीय घरातली शाळकरी देवी जितकी महत्त्वाची तितकीच तिची आई नलिनी, नवरा अचानक गेलेला, परक्या देशात डॉक्टरकी करत हट्टी मुलगी वाढवतेय, नलिनी झालेल्या पूर्णा जगन्नाथनने काय काम केलंय ते. त्यातला गणेशपूजेचा एपिसोड बे एरियात किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी आईने बघावाच, शाळेच्या जिमखान्यासारख्या हॉलमध्ये सण, साडी नीट न नेसता आल्याने चिडलेली पोरगी आणि काकूंच्या चौकश्या, कुटुंब तमिळ असलं तरी सगळं ओळखीचं.

मगाशी सांगितलेल्या लहान मुलांच्या कामाच्या तासांच्या कायद्यामुळे एक गमतीदार गोष्ट घडते जी सगळ्यांना खटकते, की पोरं पोरं वाटत नाहीत. अठरा पूर्ण झालेला नट घेतला की तासांचं बंधन नाही, म्हणून 'बेव्हर्ली हिल्स ९०२१०' १९९० मध्ये सुरू झाली तेव्हा गॅब्रिएल कार्टेरिस २९ वर्षांची होती आणि शाळकरी मुलीचं काम करत होती. कॅनडाच्या 'डेग्रासी'वाल्यांनी मात्र पहिल्यापासून खऱ्या वयाचीच मुलं घेतली, पुळ्या, दातांच्या तारा सगळं तसंच ठेवलं. नंतरच्या 'डेग्रासी'मधला जिमी, शाळेतल्या गोळीबारानंतर व्हीलचेअरवर बसणारा, तो आज रॅपर ड्रेक म्हणून ओळखला जातो. वयाचा खरेपणा हवा असेल तर तिकडे वळा.

पण माझी सगळ्यात लाडकी नॉर्वेची 'स्काम'. २०१५ ते २०१७, चार सीझन, एनआरके या सरकारी वाहिनीने केली. त्यांना कळलं होतं की सोळा वर्षांच्या मुली आपल्याकडे फिरकतच नाहीत, म्हणून यूली आन्देम या लेखिका-दिग्दर्शिकेने आधी देशभरातल्या मुलामुलींशी खूप बोलून घेतलं आणि मग लिहिलं. दर सीझनला एकच मुख्य पात्र, आधी एव्हा, मग नूरा, मग इसाक, मग साना, कॅमेरा त्याच्याच सोबत, त्याला जे कळत नाही ते आपल्यालाही कळत नाही. आणि दाखवायची पद्धत तर कमाल. कथेत मंगळवारी दुपारी शाळेत भांडण झालं तर ती क्लिप मंगळवारी दुपारीच वेबसाइटवर यायची, शुक्रवारी रात्री पार्टी असेल तर शुक्रवारी रात्री, पडद्यावर पिवळ्या मोठ्या अक्षरात वार आणि वेळ, आणि आठवड्याच्या शेवटी सगळ्या क्लिप जोडून एक एपिसोड. पात्रांची इन्स्टाग्राम अकाउंट्स होती. इसाकला त्याच्या आवडत्या मुलाकडून मेसेज येत नाहीये तर बघणाऱ्यालाही दिवसेंदिवस काही नाही, मोबाइल बघत बसायचं, त्याच्यासारखंच. जाहिरात जवळपास केलीच नाही, नटांना मुलाखती देऊ दिल्या नाहीत, तरी ती देशाबाहेर पसरली आणि फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेन, नेदरलँड्स, बेल्जियम, अमेरिका इतक्या ठिकाणी तिच्या आवृत्त्या झाल्या. सानाचा सीझन, हिजाब घालणारी हुशार, फटकळ मुलगी आणि तिच्या गोऱ्या मैत्रिणी, तो मी कुणालाही आवर्जून बघायला सांगते.

आपल्याकडे का होत नाही? होत नाही असं नाही, टिकत नाही. झी टीव्हीवर १९९८ मध्ये 'हिप हिप हुर्रे' आली, आठवड्यातून एकदा, आणि त्या पिढीला ती अजून पाठ आहे. २००४ ला स्टार वनवर 'रीमिक्स' आली, ती मूळ अर्जेंटिनाच्या 'रेबेल्दे वे'वरून. मराठीत २०१५ ला 'दिल दोस्ती दुनियादारी' चालली, पण ती पोरं नोकरीच्या वयाची, शाळेतली नाहीत. मला यामागे दोन खरी कारणं दिसतात. एक, आपल्या घरात टीव्ही एक आणि रिमोट एकाच्या हातात, त्यामुळे वाहिनी एका वयासाठी काही करत नाही, सगळ्या घराला बसवायचं बघते. अमेरिकेत डब्ल्यूबी नावाची वाहिनी १९९५ मध्ये निघाली आणि तिने सरळ १२ ते ३४ वयोगट धरला, जाहिरातदारही त्या वयासाठी पैसे मोजायला तयार होते, म्हणून 'डॉसन्स क्रीक' आणि 'गिलमोर गर्ल्स' झाल्या. दोन, आपल्याकडे चौदा वर्षांखालच्या मुलाला दिवसात पाच तासांच्या वर काम देता येत नाही, सलग तीन तासांनी विश्रांती द्यावी लागते, आणि मानधनातले किमान २० टक्के त्याच्या नावावर मुदत ठेवीत टाकावे लागतात, २०१७ पासून हे नियम आहेत आणि अगदी योग्य आहेत. पण बारा तासांच्या शिफ्टवर चालणारी डेली अशा आठ मुलांवर उभी करताच येत नाही. आठवड्याला एकच एपिसोड असेल तर येते. म्हणूनच आता जे होतंय ते यूट्यूबवर होतंय, 'आठवी-अ' बघितली नसेल तर बघा, गावची शाळा, खरी वाटणारी मुलं, आणि संध्याकाळच्या टीआरपीशी काही घेणंदेणं नाही. मला त्याच्याबद्दल खूप आशा आहे.

बरं, आता रात्रीच्या दीड वाजण्याचं. स्टार टीव्ही १९९१ मध्ये हाँगकाँगहून सुरू झालं आणि केबलवाल्याने ते घरात आणलं, तेव्हा आपण 'वंडर इयर्स' आठवड्यातून एकदा बघायचो, आणि मधल्या आठवड्यात ती मनात चालू असायची. या बहुतेक जुन्या सिरीज तशाच बघायला लिहिलेल्या आहेत, २२ एपिसोडचा सीझन सप्टेंबर ते मे पुरवून पुरवून. त्यांचे तुम्ही सलग आठ एपिसोड बघितले की लेखकाची शिवण दिसायला लागते, दर चार एपिसोडला तेच भांडण, तोच गैरसमज, तीच समजूत, आणि मग आवडती सिरीज विनाकारण कंटाळवाणी वाटते. म्हणून जुन्या अमेरिकन सिरीज रोज एक, फार तर दोन. 'स्काम'चे एपिसोड लांबीने कमीजास्त आहेत, ते शक्य तर आठवड्याला एक असेच बघा, कठीण जाईल पण बघा, सिरीज दुप्पट आवडेल. आठ-दहा एपिसोडच्या नव्या सिरीज मात्र सलग बघायलाच बांधलेल्या असतात, प्रत्येक एपिसोड अर्ध्यावर तोडलेला, त्या शनिवारी दुपारी घ्या, आठवड्याच्या रात्री घेऊच नका. आणि नेटफ्लिक्सच्या अकाउंटमध्ये पुढचा एपिसोड आपोआप सुरू होण्याची सोय प्रोफाइलवार बंद करता येते, ती आजच बंद करा. पुढचा सुरू करायला बटण दाबावं लागलं की माणूस घड्याळ बघतो. एपिसोड अर्धा ठेवून उठायची सवयही लावून बघा, शेवटी हुक असतो, मध्ये नसतो, त्यामुळे मधून उठणं सोपं जातं. आम्ही हुक कुठे ठेवतो ते मला माहीत आहे म्हणून सांगतेय.

इंग्रजी सबटायटल्स लावा, त्यात कमीपणा नाही. 'स्किन्स'मधली ब्रिस्टलची पोरं काय बोलतात ते इंग्रजी माध्यमातल्यांनाही पहिल्या एपिसोडला कळत नाही.

आणि लपून बघू नका. नवऱ्याला एक एपिसोड सोबत बघायला बसवा, 'गिलमोर गर्ल्स' नको, त्यातली माणसं फार भराभरा बोलतात, त्यांची एका तासाची स्क्रिप्ट इतरांच्या दीडपट जाड असायची, पहिल्यांदा बघणारा दमतो. 'रिप्लाय १९८८'ने सुरुवात करा. सासूबाईपण बसतील, बघा तुम्ही.

मुलाचं. बारा वर्षांच्या मुलासोबत काय बघू असं विचारलंय. 'स्किन्स', 'युफोरिया', 'सेक्स एज्युकेशन' शाळेतल्या मुलांच्या असल्या तरी त्याच्यासाठी नाहीत, त्याचं प्रोफाइल वेगळं करा, तुमच्या प्रोफाइलला पिन लावा, आणि प्रत्येक सिरीजच्या सुरुवातीला कोपऱ्यात यू/ए १३+, १६+ की ए हे २०२१ च्या नियमांमुळे आता दिसतंच, ते वाचूनच लावा. त्याच्यासोबत बघायला 'वंडर इयर्स' कुठे मिळाली तर तीच घ्या. त्यातला केव्हिन पहिल्या एपिसोडला बरोबर बारा वर्षांचा आहे, १९६८ साल, मोठ्या शाळेचा पहिला दिवस, कँटीनमध्ये सफरचंद फेकल्यामुळे आई-वडिलांना शाळेत बोलावलंय, गाडीत बाप काही बोलत नाहीये, आज मार पडणार हे नक्की, आणि घरी पोचल्यावर कळतं की शेजारचा मोठा मुलगा व्हिएतनाममध्ये मारला गेला. तुमचा मुलगा विचारेल व्हिएतनाममध्ये काय झालं होतं, तो बाप मग रागावला का नाही. एपिसोड पाऊण तासाचाही नाही, त्यामुळे बोलायला वेळ उरतो, आणि तो दहाला झोपूही शकतो.